एक दिवस, एक गाइड आणि चिरनेर

शीर्षक वाचून 'ही ट्रॅव्हल कंपनीची जाहिरात इथे कशी?' असं वाटलं असेल. तसं काही नाही. मागच्या सेमिस्टरला जपानी भाषेच्या वर्गात असाइनमेंट होती : एका पाहुण्याला एक दिवस टोकियो दाखवायचे आहे, कार्यक्रम आखा. मला दहापैकी नऊ मिळाले. त्या नऊ मार्कांच्या जोरावर मी जानेवारीत हॉस्टेलच्या पाच मैत्रिणींना आजोळी चिरनेरला नेले आणि साफ आपटले. (मराठी शुद्धलेखनाबद्दल संपादकांनी माफ करावं, कॉन्व्हेंटवाली आहे.)

आधी टोकियो. तिथे खाजगी एकदिवसीय सहल म्हणजे एक गाइड आणि तुमचीच चार माणसे. गाइड हॉटेलवर घ्यायला येतो. गाडी सांगितली नसेल तर चालायचं आणि लोकलने फिरायचं. यामानोते ही गोल फिरणारी लाइन ३४.५ किलोमीटरची, स्टेशने ३०, आणि एक फेरी तासाभरात पुरी. हाराजुकुला उतरलं की १९२० साली बांधलेलं मेइजी देवस्थान, उएनोला उतरून भुयारी रेल्वे घेतली की असाकुसाचं सेन्सोजी मंदिर. सगळं इतकं जवळ की यादी वाढवायचा मोह होतोच.

पण मला आवडलं ते दुसरंच. जपानमध्ये १९४९ च्या कायद्याने परदेशी पाहुण्यांना पैसे घेऊन त्यांच्या भाषेत माहिती सांगायला सरकारी परीक्षा पास व्हावी लागे. भाषा, इतिहास, भूगोल, सगळं! २०१८ पासून परवान्याशिवायही हे काम करता येतं, फक्त ती पदवी लावता येत नाही. म्हणजे पाहुणा पैसे मोजतो ते रस्ता दाखवण्याचे नव्हेत, प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या माणसाचे. असाइनमेंटमध्ये हे वाक्य मीच लिहिलं होतं, हे लक्षात ठेवा.

आता माझं शेड्यूल. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, म्हणजे ६०० मिनिटे. कर्नाळा अभयारण्य, चिरनेरचं महागणपतीचं देऊळ, हुतात्मा स्मारक, अक्कादेवीचा डोंगर, उरणचा समुद्र आणि मोऱ्याहून बोटीने घारापुरी. प्रवासाची ३०० मिनिटे आणि जेवणाची ६० वजा केली तर उरतात २४०. भागिले सहा, प्रत्येकी ४० मिनिटे. कागदावर उत्तर बरोबर आहे. पण सहा मुली रिक्षातून उतरणे, वॉशरूम शोधणे आणि फोटो काढणे यालाच त्यातली वीस जातात! हा लॉस मी धरलाच नव्हता. म्हणून सूत्र असं ठेवा : आधी दर थांब्याची वीस मिनिटे कापा, मग ठिकाणे मोजा.

दोघी मुंबईकडून अटल सेतूवरून येणार होत्या. २०२४ मध्ये सुरू झालेला २१.८ किलोमीटरचा पूल, त्यामुळे त्या खुशीत. पूल संपतो चिर्ल्याला. या बायांनी चिर्ले आणि चिरनेर एकच समजून तिथेच मुक्काम ठोकला. पाऊण तास गेला. कर्नाळा तिथेच कटाप. घारापुरी मामाने कटाप केली. "अगो, आज सोमवार. लेणी बंद असतात." असाइनमेंटला मी सुट्टीचे वार तपासले होते, टोकियोचे!

देवळापाशी मामाने खिडकीच्या लोखंडी गजावरची बंदुकीच्या गोळीची खूण दाखवली. मुली गप्प झाल्या. मग स्मारकावर गेलो. आमच्यातल्या नांदेडच्या मैत्रिणीने विचारलं, "१९३० चा सत्याग्रह मिठाचा ना? इथे जंगलाचा कसा काय?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आजोळ माझं. लहानपणापासून दर मे महिन्यात मी या स्मारकावरून आइसफ्रूट खात गेलेय. मला काही म्हणजे काही सांगता आलं नाही. मेइजी देवस्थानावर मात्र नऊ स्लाइड होत्या.

उत्तर मामाने दिलं. "मीठ काय, उरणला ढिगाने. पण डोंगराकडच्या माणसाला रोज काय लागतं? लाकूडफाटा, गवत. तेच कायद्याने अडवलं." म्हणून २५ सप्टेंबर १९३० ला लोक कोयते घेऊन अक्कादेवीच्या रानात शिरले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आठ सत्याग्रही गेले. मामलेदार जोशीसुद्धा त्याच गोळीबारात गेले. पुढे खटला चालला तेव्हा आरोपींच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते.

मग मी नावे मोठ्याने वाचायला घेतली, निदान तेवढं तरी करावं म्हणून. नवश्या महादेव कातकरी. रामा बामा कोळी. हसुराम बुधाजी घरत. पुढच्या नावाला अडखळले आणि 'अलू' म्हटलं. बाजूला बसलेले एक आजोबा शांतपणे म्हणाले, "आलू. आलू बेमट्या म्हात्रे. दिघोड्याचा." मग कोण मोठी जुईचा, कोण खोपट्याचा, ते त्यांनी न बघता सांगितलं. मी परत पहिल्यापासून वाचलं. कान गरम झाले होते.

तिथे दीड तास बसलो. अक्कादेवी लांबूनच पाहिली, समुद्र राहिला. सहापैकी दोन ठिकाणे झाली, आणि परतताना मुली बोलत होत्या त्या दोन्हींबद्दलच.

संध्याकाळी मामाने पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, वर पुन्हा पाला. मग मडकं उपडं करून भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही, शेंगांच्या आणि पाल्याच्या वाफेवरच शिजतं. मेकॅनिकलवाल्यांनी हीट ट्रान्सफरला उदाहरण म्हणून लिहावं. सहाला निघणार होतो, साडेआठला निघालो. रेक्टर मॅडमना दिलेलं कारण इथे छापत नाही.

नांदेडच्या मैत्रिणीला २५ सप्टेंबरला परत यायचंय, त्या दिवशी स्मारकावर मानवंदना असते म्हणून. तेव्हा नेमकी सबमिशन्स चालू असतील. मामाने फोनवर दोनदा विचारलंय, "ती पोर येनार ना?" आणि मला तोवर आठही नावे न बघता म्हणायची आहेत.