कुरळ्या केसांचा गुंता : कंगवा आणि पंचा निवडताना

स्मरणिकेत मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार अशा भारदस्त विषयांवर लेख येतात. त्या पंक्तीत कंगव्याचे पान मांडणे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु हजीरा परिसरातील वसाहतींत त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करताना ‘डॉक्टर, केस फार गळतात’ या तक्रारीचा माग काढत गेले की मी अनेकदा रक्ताच्या तपासणीपाशी नव्हे, तर घरातल्या कंगव्यापाशी येऊन थांबते. कुरळ्या केसांच्या स्त्रिया आणि मुली यांच्या बाबतीत तर हे फारच वेळा घडते. त्यांचे केस गळत नसतात. ते तुटत असतात. आणि तोडणारे हात बहुधा घरातलेच, प्रेमाचे असतात.

हजीरा म्हणजे तापीचे मुख आणि खंबातचे आखात. १९८०च्या दशकात ओएनजीसी, क्रिभको यांचे प्रकल्प येथे उभे राहिले आणि त्यांच्यामागून आलेल्या उद्योगांबरोबर आपली मराठी कुटुंबेही येथे स्थिरावली. नाशिक, जळगाव, सोलापूर अशा कोरड्या हवेतून आलेल्या अनेकींना येथील दमट वाऱ्यात आपले केस ‘बिघडले’ असे वाटते. केस बिघडलेले नसतात. हवा बदललेली असते. हे समजून घेण्यासाठी केसाची रचना थोडी पाहू.

केसाची घडण

केस हा केराटिन या प्रथिनाचा तंतू आहे. त्याच्या बाहेरच्या अंगाला कौलांसारखे एकमेकांवर रचलेले पारदर्शक खवले असतात. सरळ केसाचा छेद साधारण गोल, तर कुरळ्याचा लंबवर्तुळाकार असतो. कुरळ्या केसाचे मूळही त्वचेत वाकडे असते. केस प्रत्येक वळणावर थोडा पिळला जातो आणि त्या वळणाशीच तो सर्वांत दुबळा असतो. डोक्यावरील स्वाभाविक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते. कुरळ्या केसाच्या वळणांत ते अडते. म्हणून कुरळ्या केसांची टोके कोरडी राहतात, खवले उचकटतात आणि एक केस दुसऱ्यात अडकतो. गुंत्याचे मूळ येथे आहे, आळसात किंवा अस्वच्छतेत नाही.

केसातील काही रासायनिक बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. हवेतील बाष्पानेही हेच घडते. त्यामुळे आषाढात समुद्रकाठी केस फुलतात, पिंजारतात. केस किती कुरळा आहे हे मोजून २००७ साली संशोधकांनी जगभरच्या केसांचे आठ वर्ग पाडले. गुजरातेतील सिद्दी समाजाचे बारीक वळणांचे केस आणि आपल्या घरातील एखाद्या मुलीचे लाटदार केस हे त्याच मोजपट्टीवरील वेगवेगळे टप्पे आहेत. ‘कुरळे’ म्हणून सर्वांना एकच कंगवा देणे चुकीचे ठरते ते यामुळेच.

ओले विंचरावे की कोरडे?

‘ओले केस विंचरू नयेत’ असे आपण आजीकडून ऐकत आलो. सरळ केसांपुरते ते खरे आहे. ओला केस फुगतो, मऊ होतो आणि त्याची ताण सोसण्याची शक्ती कमी होते. लांबीच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ताणला तर तो बहुधा पूर्ववत होतो. त्यापुढे मात्र कायमची इजा होते. म्हणून सरळ केस थोडे सुकल्यावर विंचरावेत.

कुरळ्या केसांचा हिशोब वेगळा आहे. कोरडे असताना त्यांची वळणे एकमेकांत साखळीसारखी अडकलेली असतात आणि ती सोडवायला फार जोर लागतो. पाण्याने वळणे सैल पडतात आणि कंडिशनरने घर्षण घटते. केसाची ताकद जितकी कमी होते त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात लागणारा जोर कमी होतो. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांची संघटनाही हाच भेद करते : सरळ केस थोडे वाळू द्यावेत, दाट वळणांचे केस ओलसर असतानाच विंचरावेत. सैल लाटांचे केस या दोहोंच्या मध्ये येतात. ते टॉवेलाने टिपून, अर्धवट ओले असताना हाताळावेत.

कंगव्याची निवड

आपल्या परंपरेत करंडा-फणीला सौभाग्याच्या वाणात मान आहे. पण ती दोन्ही बाजूंनी बारीक दात्यांची फणी मुळात उवा-लिखा काढण्यासाठी आहे. गुंता सोडवण्याचे काम तिच्यावर सोपवणे म्हणजे सुईने वीट फोडण्यासारखे आहे. कुरळ्या केसांच्या घरात दोन साधने वेगळी असावीत.

पहिले साधन म्हणजे मोठ्या, विरळ दात्यांचा कंगवा. दात्यांची टोके गोल असावीत. साच्यातून काढलेल्या स्वस्त प्लास्टिकच्या कंगव्यावर दात्यांच्या कडेने एक बारीक शीर राहते आणि ती खवल्यांवर करवतीसारखी चालते. दुकानातच कंगवा मनगटाच्या आतील बाजूवर हलकेच ओढून पाहावा. त्वचेला खुपला तर केसांनाही खुपणार. लाकडी कंगव्याने स्थिर विजेचा त्रास कमी होतो, पण तो पाण्यात भिजत राहिला तर फुगतो व चिरतो. म्हणून तो कोरड्या केसांना हात फिरवण्यापुरता ठेवावा आणि न्हाणीघरात चांगल्या घडणीचा प्लास्टिकचा वापरावा. धातूचा कंगवा टाळावा.

दुसरे साधन लवचीक दात्यांच्या ब्रशचे. गाठ लागली की त्याचे दाते वाकतात आणि जोर आपोआप घटतो. दाट केसांच्या लहान मुलींसाठी तो सोयीचा असतो. ब्रशच्या दात्यांवरील गोळ्या गळून पडल्या असतील तर तो ब्रश फेकून द्यावा. उघडी टोके त्वचा ओरबाडतात.

फणीला घराबाहेर काढण्याचे मात्र कारण नाही. मुलीच्या डोक्यात उवा झाल्या तर कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांतून आधी मोठा कंगवा फिरवून गुंता काढावा आणि मग फणी मुळापासून टोकापर्यंत चालवावी. दर चार दिवसांनी, दोन आठवडे हे केले तर उवांची पुढची पिढीही पकडली जाते. कंगवे व्यक्तीगणिक वेगळे असावेत आणि आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात धुवावेत. उवा आणि डोक्याचा बुरशीजन्य संसर्ग सामाईक कंगव्यातूनही पसरतात.

गुंता सोडवण्याची रीत

उत्तम कंगवाही चुकीच्या हातात शस्त्र होतो. केसांचे चार ते सहा भाग करावेत. एक भाग घेऊन गाठीच्या वर मुठीत घट्ट धरावा, म्हणजे ओढ मुळापर्यंत पोहोचत नाही आणि मूल रडत नाही. टोकापासून आरंभ करावा. शेवटची दोन-तीन बोटे लांबी मोकळी झाली की थोडे वर सरकावे. मुळापासून खाली कंगवा ओढला की सुटे केस व लहान गाठी खाली लोटल्या जाऊन एक मोठी गाठ तयार होते. हट्टी गाठीवर थोडा कंडिशनर किंवा तेलाचे बोट लावून ती आधी बोटांनी उकलावी.

तेलाविषयी आपल्या मुंबईचे एक संशोधन येथे नोंदवण्यासारखे आहे. २००३ साली रेळे व मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केसांतील प्रथिनांचा ऱ्हास लक्षणीय प्रमाणात रोखला तो खोबरेलानेच. त्यातील लॉरिक आम्लाचा सरळ, लहान रेणू केसाच्या आत शिरू शकतो, असे त्यांनी कारण दिले. हे संशोधक मॅरिको या खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावे. तरीही न्हाण्यापूर्वी तेल लावण्याच्या आपल्या रीतीला त्यातून आधार मिळतो, हे मान्य करावे लागेल.

वाळवण्याची साधने

सोलापुरी टॉवेल अंग पुसायला उत्तम. पण त्याच्या फुगीर धाग्यांच्या फाशांत कुरळे केस अडकतात. त्यापेक्षा धुऊन मऊ झालेला सुती पंचा किंवा जुना सुती टी-शर्ट चांगला. केस चोळू नयेत. खाली वाकून ते कापडात गोळा करावेत आणि मुठीने हलके दाबून पाणी टिपावे. ओल्या केसांवर पंचाचे फटके मारून ते झटकण्याची जुनी रीत मात्र सोडावी. ओला, फुगलेला केस त्या फटक्याने वळणाशीच तुटतो.

यानंतर ड्रायरचा प्रश्न येतो. ड्रायर म्हणजे केसांचा शत्रू आणि हवेवर वाळवणे निर्धोक, अशी सर्वसाधारण समजूत आहे. २०११ साली कोरियातील संशोधकांनी ती तपासून पाहिली. केस ३० वेळा धुऊन वेगवेगळ्या तऱ्हेने वाळवण्यात आले. ड्रायर ५ सेंटीमीटरवर, म्हणजे ९५ अंश उष्णतेत धरला तेव्हा केसाच्या पृष्ठभागाला सर्वाधिक इजा झाली. परंतु आपोआप वाळू दिलेल्या केसांत पेशींना जोडणाऱ्या आतील थराला इजा आढळली, जी ड्रायरच्या केसांत नव्हती. केस दीर्घकाळ ओला राहणे हेही निरुपद्रवी नाही, असा त्याचा अर्थ. ड्रायर १५ सेंटीमीटरवर सतत हलता ठेवला तर, सुमारे ४७ अंशांवर, एकूण इजा कमी झाली. १५ सेंटीमीटर म्हणजे शाळेच्या दप्तरातली छोटी पट्टी. ते अंतर लक्षात ठेवायला सोपे आहे. प्रयोग नमुन्यांवरचा असल्याने त्याचा निष्कर्ष तारतम्याने घ्यावा, पण पावसाळ्यात जेथे केस तास न् तास वाळत नाहीत त्या आपल्या किनाऱ्यासाठी तो उपयोगी आहे.

कुरळ्या केसांसाठी ड्रायर घेताना तीन गोष्टी पाहाव्यात : कमी उष्णतेची व थंड हवेची सोय, कमी वेगाची सोय आणि डिफ्यूजर. डिफ्यूजर म्हणजे ड्रायरच्या तोंडावर बसणारी, बोटांसारखी उंच टोके असलेली भोकाभोकांची वाटी. तिच्यामुळे हवेचा झोत पसरतो आणि वळणे विस्कटत नाहीत. अरुंद तोंडाची नळी सरळ केसांसाठी आहे. ती येथे वापरू नये. आधी पंचाने टिपून, मग ड्रायर वापरावा आणि थोडा ओलावा राहिल्यावर थांबावे. ओल्या केसांवर गरम इस्त्री कधीही फिरवू नये. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे पडतात आणि तो ठिसूळ होतो. कामावर जाणाऱ्या भगिनींनी ओले केस बांधून हेल्मेटखाली दडपू नयेत, आणि यंत्रांपाशी ते मोकळेही सोडू नयेत.

हे सारे टाळण्यासाठी केस कायमचे सरळ करून घ्यावेत असा मोह तरुण मुलींना होतो. २०२४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २६ वर्षांच्या एका तरुणीची हकीकत प्रसिद्ध झाली. ग्लायऑक्सिलिक आम्ल असलेल्या द्रव्याने केस सरळ करून घेतल्यानंतर तीन वेळा तिच्या मूत्रपिंडांना तीव्र इजा झाली. ‘झिपरी’ म्हणून हिणवल्या गेलेल्या मुलीला चांगला कंगवा व दोन शब्द धीराचे मिळाले, तर ती त्या खुर्चीपर्यंत जाणारच नाही.

गुंता जेव्हा जट होतो

रोज ५० ते १०० केस नैसर्गिकरीत्या गळतात. विंचरले नाही तर ते बाकीच्या केसांत अडकून राहतात. तेल, धूळ, ओलावा यांच्या साहाय्याने खवले एकमेकांत रुततात आणि लोकरीचे नमदे व्हावे तशी घट्ट जट बनते. महाराष्ट्रात व सीमाभागात तिला सौंदत्तीच्या यल्लम्मादेवीचे बोलावणे मानले गेले. जट आलेल्या मुलींना देवीला सोडले जाई. कर्नाटकाने १९८२ साली आणि महाराष्ट्राने २००५ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदे केले. पण जटेला कंगवा वा कात्री लावली तर कोप होईल, ही भीती कायद्याने जात नाही. मानेचे दुखणे, उवा, जखमा, दुर्गंधी आणि लोकांचे टाळणे हे सारे त्या स्त्रिया वर्षानुवर्षे सोसतात. वैद्यकाची पदवी घेतलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, परंतु समितीचे काम थांबले नाही. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी घरोघरी बसून, समजूत घालून अनेक स्त्रियांच्या जटा सोडवल्या आहेत. आपल्या दवाखान्यात अशी स्त्री आली तर तिला हसू नये, घाई करू नये. तिच्या संमतीविना कात्री उचलू नये. हा केसांचा गुंता आहे, तिच्या नशिबाचा नाही, एवढे तिला उमगले की अर्धे काम झाले.

डॉक्टरमित्रांसाठी

केस गळण्याची तक्रार आली की कंगव्यातले केस मागवून पाहावेत. टोकाला पांढुरका कंद असलेले पूर्ण लांबीचे केस म्हणजे गळणे. ते प्रमाणाबाहेर असेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन व थायरॉइड पाहावे. अलीकडचा ताप, बाळंतपण, आहारातील बदल विचारावा. कंद नसलेले आखूड तुकडे म्हणजे तुटणे. तेथे औषध लिहिण्याआधी कंगवा, टॉवेल आणि ड्रायर यांची चौकशी करावी. कपाळाच्या कडेने केस विरळ झाले असतील तर घट्ट वेणी सैल करायला सांगावे. वेळीच ओढ थांबली तर तेथे केस पुन्हा येतात. उशीर झाला तर येत नाहीत.

मोठ्या दात्यांचा कंगवा, मऊ पंचा, पट्टीएवढे अंतर आणि पंधरा मिनिटांचा धीर, एवढे सामान कोणत्याही घराला परवडणारे आहे. त्यातील धीर तेवढा बाजारात मिळत नाही. तो आई-आजींनी घरातूनच पुरवायचा आहे.