थिसिसचा विषय निवडताना

सव, ता. महाड

चि. बाय,

गाइडनी सुचवलेल्या मधुमेहावरच्या तीन विषयांपैकी लवकर उरकणारा कोणता, असं तू फोनवर विचारलंस. तिन्ही उरकतील. मधुमेहाचे पेशंट वॉर्डात रोज असतात, रिपोर्ट आयते मिळतात; शंभरेक जणांचा तक्ता भरून संख्याशास्त्रवाल्याकडे दिला की झालं. अशा थिसिसनी कॉलेजांची कपाटं भरली आहेत आणि परीक्षकानंतर त्यातली बरीचशी कोणी उघडलेलीही नाहीत.

संशोधनपद्धतीचा ऑनलाइन कोर्स आता पीजींना सक्तीचा आहे. कुरकुर न करता तो कर. नमुना किती घ्यायचा, एथिक्स कमिटीपुढे काय मांडायचं, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. पण प्रश्न कुठून आणायचा हे त्या कोर्समध्ये मिळणार नाही. त्यासाठी आपल्या महाडकडे बघ.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा ते नुसते एमबीबीएस होते. लाल विंचू चावलेली माणसं यायची: घामाने निथळणारी, उलट्या होणारी, हातपाय गार पडलेली. मग फुप्फुसात पाणी होऊन दगावायची. पुस्तकात ठोस उपाय नव्हता. बावस्कर पेशंटच्या उशाशी बसले आणि नाडी, रक्तदाब, लक्षणं लिहीत राहिले. धोक्याची ही आधीची लक्षणं त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडली. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून एमडी करूनही ते याच भागात परतले. विंचवाच्या विषाने ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्यं शरीरात उसळतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर ताण येतो. मग तो आवळ सोडवणारी रक्तदाबाची गोळी, प्राझोसिन, का देऊ नये? १९८६ मध्ये डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह त्यांनी हा उपायही 'लॅन्सेट'मध्ये मांडला.

मला मात्र त्यांचं पुढचं काम जास्त मोठं वाटतं. प्राझोसिनने नाव झालं होतं, तिथे थांबता आलं असतं. त्याऐवजी त्यांनी महाडलाच ७० पेशंटांवर चाचणी घेतली: निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना त्याच्या जोडीला विंचवाच्या विषावरचं प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते प्रतिविष घेतलेल्या ३५ पैकी ३२, आणि नुसत्या प्राझोसिनवरचे ३५ पैकी ८. २०११ मध्ये 'बीएमजे'ने हे छापलं. स्वतःच्याच औषधाला स्वतः आव्हान द्यायचं आणि निघालेला आकडा जसाच्या तसा छापायचा! तुझ्या गाइडपेक्षा हा पेपर आधी वाच.

रेसिडेन्सीची रचना मला उलटी वाटते. सिनॉप्सिस पहिल्या काही महिन्यांतच मागतात आणि जिल्हा रुग्णालयातली तीन महिन्यांची पोस्टिंग त्यानंतर येते. प्रश्न दिसायला लागतात तेव्हा विषयावर शिक्का बसलेला असतो. म्हणून आधीच कान उघडे ठेव. आपल्या सवच्या गरम पाण्याच्या कुंडात अंघोळ केली की कातडीचे रोग जातात, असं लोक सांगतात. हसू नकोस. किती जणांचे गेले, किती दिवसांत गेले, आणि अंघोळ न करणाऱ्यांचे आपोआप किती गेले? हे तीन प्रश्न विचारलेस की अर्धी संशोधनपद्धती तुला आली.

आणखी एक. रात्रीच्या ड्यूटीने मेलेला रेसिडेंट रिकाम्या रकान्यात अंदाजाने रक्तदाब लिहितो, हे मी पाहिलेलं आहे. रकाना रिकामा राहिला तर राहू दे आणि 'नोंद नाही' असं लिही. पेशंटांची छोटी पण खरी मालिका चालेल. निकाल अपेक्षेच्या उलट आला तरी चालेल; गाइड नाराज झाले तर त्यांच्याशी मी बोलेन.

लवकर उरकणारा विषय तेवढा घेऊ नकोस. सिनॉप्सिस देण्याआधी चार दिवस घरी ये, महाडच्या ओपीडीत बस, आणि मग मला एकच ओळ लिहून पाठव: तुला नेमकं काय माहीत करून घ्यायचं आहे?

तुझा मामा