आधी शोधा, मग फोडा : न्हाणीची गळती घरच्या घरी



मागच्या अंकात आपण हिशोबाच्या वहीबद्दल बोललो. या वेळचा धडा न्हाणीचा आहे. हसू नका! या धड्याची सुरुवात गटाच्या बैठकीतच झाली, तीही कर्जाच्या अर्जावरून.

एका गावात बैठकीला गेले होते. एका ताईंनी 25 हजारांचं कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "न्हाणी गळतेय. स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आलीय, गव्हाच्या कोठीला खालून बुरशी लागली. गवंडी म्हणतो, सगळी फरशी उकरून नव्याने करावी लागेल." त्यांचं आधीचं कर्ज अजून फिटलं नव्हतं. दोघी-तिघींचे चेहरे उतरले, पण तोंडावर नाही कोण म्हणणार? मीही मान डोलावली. घराची दुरुस्ती म्हणजे गरजच की!

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या आजी म्हणाल्या, "ते सगळं खरं गं, पण पाणी जातंय कुठून?"

सगळ्या गप्प. त्या ताईंना माहीत नव्हतं. गवंड्यानेही फक्त ओल बघितली होती, वाट शोधली नव्हती. आणि समाजकार्याची पदवी घेतलेली मी, मलाही सांगता येईना. 25 हजारांचा निर्णय होत आला होता आणि मूळ प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

त्यानंतर मी एका जुन्या प्लंबरकाकांकडून हे काम समजून घेतलं आणि आम्ही त्या ताईंच्या घरी करून बघितलं. तेच आज तुम्हाला सांगते.

ओल आताच का दिसायला लागली?

आपल्या आजीची न्हाणी मागच्या दारी असायची. एक मोठा दगड, भोवती कूड नाहीतर तट्ट्या, आणि पाणी जायचं अळवाला नाहीतर केळीला. ते गळलं तरी जमिनीतच मुरायचं, कुणाला कळायचंही नाही. आता नळ घरात आला आणि न्हाणीही घरात आली, बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघराला चिकटूनच. पाइप फरशीखाली गेला. पाणी तेवढंच गळतं, पण आता ते भिंत पितं.

फरशीत जी जाळी दिसते, तिच्याखाली एक वाटीसारखा भाग असतो. त्यात कायम थोडं पाणी साठून राहतं, म्हणून गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. दुकानात त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात. आपल्या न्हाणीचंच नाव आहे ते! या ट्रॅपला पुढे पाइप जोडलेला असतो आणि तो भिंतीबाहेर निघतो.

म्हणजे पाणी बाहेर पडायच्या वाटा मोजून चार :
1. नळाकडे येणारी पाण्याची लाइन.
2. फरशीखालचा सांडपाण्याचा पाइप आणि त्याचे सांधे.
3. जाळीची कड आणि फरशी यांच्यामधली फट.
4. लाद्यांचे सांधे, आणि फरशी जिथे भिंतीला मिळते तो कोपरा.

यातली एकच वाट चुकीची असते, फार तर दोन. ती शोधायची.

सुरू करण्यापूर्वी

ओल्या भिंतीवर स्विचबोर्ड किंवा गिझरचं बटण असेल तर आधी मेन स्विच बंद करा. त्या भिंतीला ओल्या हाताने हात लावू नका. बोर्डापर्यंत ओल पोचली असेल तर आधी वायरमनला बोलवा, बाकी सगळं नंतर.

मग ओलीच्या कडेवर पेन्सिलने रेघ मारा आणि तारीख लिहा. ओल वाढते की थांबते, हे ती रेघ सांगेल. एक दिवस न्हाणी वापरू नका. जमलं तर शेजारी आंघोळीला जा. फरशी पोतेऱ्याने कोरडी करून घ्या.

तपासणी पहिली : नळाची लाइन

रात्री झोपताना घरातले सगळे नळ बंद करा. टाकीत पाणी येण्याची लाइनही बंद करा. टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी पाणी खाली गेलेलं दिसलं तर गळती नळाच्या लाइनला आहे, न्हाणीच्या फरशीचा काही दोष नाही. आणखी एक ओळखायची खूण : चार दिवस कुणी आंघोळ केली नाही तरी ओल वाढतच असेल, तर संशय आधी या लाइनवर घ्या.

तपासणी दुसरी : सांडपाण्याचा पाइप

याला दोघी लागतात. एकीने आत थांबायचं, दुसरीने बाहेर पाइपच्या तोंडाशी घमेलं आणि रिकामी बादली घेऊन बसायचं. पाइपचं तोंड खाली असेल तर घमेल्यात झेलून बादलीत ओता.

आतलीने आधी तांब्याभर पाणी जाळीत टाकायचं, म्हणजे ट्रॅप भरलेला राहील. मग जाळी काढून नरसाळ्याने थेट भोकात दोन बादल्या पाणी हळूहळू ओतायचं. फरशी भिजू द्यायची नाही, ही यातली मुख्य गोष्ट. पाण्यात थोडी नीळ टाकली तर बाहेर येणारं पाणी आपलंच आहे हे कळतं.

आता मोजा. दोन बादल्यांतलं तांब्या-दोन तांबे इकडेतिकडे सांडेल, ते चालतं. पण अर्धी बादली कमी भरली तर पाइप किंवा सांधा आत कुठेतरी सुटला आहे. त्या ताईंच्या घरी दोन बादल्या टाकल्या आणि दोन बादल्याच मिळाल्या. म्हणजे पाइप धडधाकट! फरशी उकरायची गरज तिथेच संपली.

तपासणी तिसरी : जाळीची कड आणि लाद्या

घर मातीच्या भिंतीचं असेल तर ही तपासणी करू नका, पायाला धोका होतो. विटा-सिमेंटच्या घरातच करा.

पहिल्यांदा फक्त जाळीची कड बघायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत वाळू भरून ती जाळीच्या भोकात घट्ट बसवा. मग चिकण माती मळून जाळीभोवती वीतभर अंतरावर गोल बांध घाला, शेताला घालतो तसाच. त्या बांधाच्या आत पाणी भरा, पातळीवर खूण करा आणि तासभर थांबा. बाहेर पाइपच्या तोंडातून ठिबकत नाही ना, तेही बघा. ठिबकत असेल तर पिशवी नीट बसली नाही, पुन्हा बसवा. बाहेर काही ठिबकत नाही आणि तरी आतलं पाणी उतरतंय, तर फट जाळीच्या कडेला आहे.

पाणी उतरलं नाही तर बांध काढा आणि सगळ्या फरशीवर इंचभर पाणी साठवा. उंबऱ्याबाहेर जाणार नाही एवढंच. चार-पाच तास ठेवा. पातळी खाली गेली किंवा भिंतीवरची ओल रेघ ओलांडून गेली, तर लाद्यांचे सांधे किंवा कोपरा गळतोय.

त्या ताईंच्या घरी बांधातलं पाणी अर्ध्या तासात गायब झालं. जाळीभोवतीचं सिमेंट खिरून गेलं होतं, करंगळीचं नख जाईल एवढी फट होती. एवढ्याशा फटीतून घरातल्या पाच माणसांच्या आंघोळीचं पाणी रोज भिंतीत मुरत होतं.

दुरुस्ती

*जाळीची कड :* जुनं सुटलेलं सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढा, अर्धा इंच खोल. लादीवर जोर पडू देऊ नका. डोळ्यांवर चष्मा घाला, खडा उडतो. ब्रशने धूळ, साबणाचा थर, केस सगळं साफ करा. मग एक भाग सिमेंट आणि तीन भाग चाळलेली बारीक वाळू यांचा घट्ट माल करा. त्यात वॉटरप्रूफिंगचं मिश्रण पाकिटावर लिहिलंय तेवढंच घाला. फट पाण्याने ओलसर करा, पाणी साठलेलं नको, आणि माल दाबून दाबून भरा. वरची बाजू जाळीकडे किंचित उतरती ठेवा, म्हणजे पाणी कडेला थांबणार नाही. दोन-तीन दिवस न्हाणी वापरू नका. पुढे आठवडाभर ती जागा ओल्या पोत्याने ओलसर ठेवा, नाहीतर माल वाळून चिरतो.

माझी चूक सांगते. माझ्या भाड्याच्या खोलीत मी अशाच फटीवर एम-सील लावलं होतं, तेही ओल्या फरशीवर. आठ दिवसांत ते चकतीसारखं निघून हातात आलं. लक्षात ठेवा : सिमेंटच्या मालाला ओलसर जागा लागते, एम-सीलसारख्या पुट्टीला मात्र ठणठणीत कोरडी. दोन्हींची गल्लत करू नका.

*लाद्यांचे सांधे :* हॅक्सॉच्या जुन्या ब्लेडने सांधा खरवडा, धूळ काढा आणि लादीचं ग्राउट भरा. नुसतं पांढरं सिमेंट भरलं तर ते आकसतं आणि पुन्हा चीर पडते.

*पाइपचा सांधा :* बाहेर दिसणारा सांधा असेल तर पाइप कोरडा करून पॉलिश पेपरने घासा, दोन्हीकडे सॉल्व्हंट सिमेंट लावा, बसवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. एक दिवस पाणी सोडू नका. हे सिमेंट पेट घेतं, त्याचा वासही डोक्यात जातो. चुलीजवळ काम करू नका, दार उघडं ठेवा. सांधा फरशीखाली असेल तर प्लंबर बोलवा, पण त्याला सांगा, "काका, पाइपच्या रेषेतच फोडा, सगळी फरशी नको."

दुरुस्ती टिकावी म्हणून

लाद्या चकचकीत दिसाव्यात म्हणून आपण ॲसिड टाकतो. ते डागांबरोबर सांध्यातलं सिमेंटही खातं. त्या ताईंच्या जाळीभोवतीचं सिमेंट असंच गेलं असावं, दर अमावास्येला ॲसिडने न्हाणी धुवायची त्यांची सवय होती. साबणाचं पाणी आणि ब्रश पुरतो. आणि ॲसिड व ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो, बंद न्हाणीत तो जिवावर बेतू शकतो.

बाहेरही एकदा बघून घ्या. पाइपचं तोंड भिंतीच्या पायाशीच संपत असेल, तर आतलं सगळं नीट केलं तरी ओल बाहेरून येईल. पाइप पुढे वाढवून शोषखड्ड्यात किंवा परसबागेत सोडा. विहीर किंवा हातपंप जवळ असेल तर खड्डा तिथे नको.

आणि भिंतीला वेळ द्या. गळती थांबली तरी भिंत लगेच कोरडी होत नाही. त्या ताईंच्या भिंतीला सगळा उन्हाळा लागला. तोवर रंग लावू नका, पोपडे निघतील. पेन्सिलची रेघ मात्र ओलीने पुन्हा ओलांडली नाही.

शेवट काय झाला?

त्या ताईंनी 25 हजारांचा अर्ज मागे घेतला. सामानाला हजाराच्या आतच खर्च आला, तो त्यांनी घरातूनच केला. गव्हाची कोठी आता विटांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवली आहे. गटाच्या पैशातून त्या महिन्यात दुसऱ्या एका ताईंना मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी कर्ज मिळालं. कर्ज वाईट नसतं, ताईंनो. पण पाणी कुठून जातंय हे न बघता घेतलेलं कर्ज आपल्याच भिंतीत मुरतं.

पुढच्या बैठकीत एवढं करा

• आपल्या गटात कुणाकुणाच्या भिंतीला ओल आहे, ते विचारा. लाजू नका, ती कुणाची हलगर्जी नाही.
• दोघी-दोघींच्या जोड्या करून एका घरी दोन बादल्यांची तपासणी करून बघा.
• छिन्नी, हातोडी, थापी, ब्रश आणि नरसाळं एवढं गटाच्या नावाने एकदाच घ्या. आळीपाळीने वापरता येईल.
• यापुढे दुरुस्तीसाठी कर्जाचा अर्ज आला, की आजींचा प्रश्न आधी विचारा : "ते सगळं खरं गं, पण पाणी जातंय कुठून?"

करून बघितलंत तर मला नक्की सांगा. मी पुढच्या फेरीला येतेच आहे, तेव्हा ती पेन्सिलची रेघ बघायला घरी येईन. चहा मात्र हवा बरं का!

— तुमची क्षेत्र समन्वयक