शंका-समाधान : लहान मुलं आणि दिवाळीची सहल

नवरात्र सरत आलं की पत्रांचा ओघ वाढतो. यंदाही जालना, अंबड, परतूर, जाफराबादकडून आलेल्या पत्रांत विचारणा एकच आहे: घरात लहान मुलं आहेत, दिवाळीच्या सुट्टीत कुठे जावं? काहींनी तर ठिकाणांची यादी करून फक्त होकार मागितला आहे. माझी विनंती अशी की यादीच्या आधी मुलाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. ते किती वाजता उठतं, दुपारी झोपतं का, किती पायऱ्या कुरकुर न करता चढतं? ठिकाण त्यावरून ठरवायचं. मुलं पाच-सहा वर्षांच्या आतली असतील तर एकाच ठिकाणचा मुक्काम केव्हाही चांगला, हे माझं ठाम मत आहे. खालची उत्तरं त्याच अंगानं वाचावीत.

प्रश्न : मी एमआयडीसीत स्टीलच्या कारखान्यात कामाला आहे. दिवाळीत चार दिवस सुट्टी मिळेल. मुलगी सहा वर्षांची, मुलगा तीन. अजिंठा, वेरूळ, घृष्णेश्वर, दौलताबाद, बीबी का मकबरा आणि शेवटी शिर्डी असा बेत आहे. गाडी मित्राची मिळते आहे. जमेल का, ताई? (एक वाचक, जालना)

उत्तर : गाडीला जमेल, मुलांना जमणार नाही. यादीतली सगळी ठिकाणं पाहण्यासारखी आहेत, पण चार दिवसांत सहा ठिकाणं म्हणजे तुमच्या मुलाची प्रत्येक दुपारची झोप गाडीत, मांडीवर, हॉर्नच्या आवाजात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो रडायला लागेल आणि त्यात त्याचा काही दोष नसेल.

अजिंठा आणि शिर्डी या खेपेला सोडा. अजिंठ्याला खासगी गाडी फर्दापूर फाट्यावर ठेवावी लागते, पुढे बसने जायचं, मग पायऱ्या. लेण्यांत अंधार असतो. चित्रातल्या पद्मपाणीच्या चेहऱ्यावरचा भाव तीन वर्षांच्या मुलाला कळायचा नाही आणि त्याला कडेवर घेऊन तुम्हालाही तो निवांत पाहता येणार नाही. मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की अजिंठा करा, तेव्हा तिला तो आयुष्यभर पुरेल.

वेरूळ किंवा खुलताबादला तीन रात्री मुक्काम करा. जालन्याहून संभाजीनगर साठ किलोमीटर आणि पुढे वेरूळ तीसेक, म्हणजे निघालेल्या दिवशी दुपारचं जेवण मुक्कामीच. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत कैलास लेणं गाठा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठा सोमवारी. दिवाळीच्या गडबडीत हे हमखास विसरलं जातं, म्हणून तारखा आधी कॅलेंडरवर बघा. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही.

कैलासात गेल्यावर इतिहास सांगत बसू नका. देवळाच्या जोत्याला वळसा घाला. तिथे हत्तींची आणि सिंहांची रांगच्या रांग अख्खं देऊळ पाठीवर पेलून उभी आहे. कुणाची सोंड तुटली आहे, कुणी समोरच्या जनावराशी झुंजतो आहे. मुलाला हत्ती मोजू द्या, आकडा चुकला तर चुकू द्या. मुलीला मात्र एक गोष्ट जरूर सांगा. आपण घर पायापासून वर बांधतो. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, या कारागिरांनी डोंगर वरून खाली कोरत आणला, म्हणजे आधी कळस आणि शेवटी पाया. सहा वर्षांच्या मुलीला हे बरोबर कळतं, आणि मग ती स्वतःच विचारते की चुकलं असतं तर काय केलं असतं! तिथून दहा नंबरचं सुतार लेणं दाखवा. त्याच्या छताला दगडात कोरलेल्या फासळ्या लाकडाच्या वाशांसारख्या दिसतात आणि आत आवाज घुमतो. एवढी दोन लेणी पुरेत. अकराच्या आत खोलीवर या, जेवा, झोपा.

घृष्णेश्वरला दिवाळीत रांग मोठी असते. दर्शन घ्यायचंच असेल तर आईवडिलांनी आळीपाळीने जावं, मुलांना रांगेत उभं करू नये. संध्याकाळी म्हैसमाळचं पठार जवळ आहे, तिथे मुलांना नुसतं धावू द्या. दिवाळीच्या सुमारास सूर्य सहाच्या आधीच मावळतो, तेव्हा चारलाच निघा आणि अंगात घालायला काहीतरी ठेवा. तिसऱ्या दिवशी दौलताबादला पायथ्याची तटबंदी, तोफा आणि चांदमिनार एवढंच पाहा. अंधारी म्हणतात ते काळोखं भुयार आणि वरचा चढ लहान मुलांसाठी नाही. मकबरा परतीच्या वाटेवर होईल. नाही झाला तरी काही बिघडत नाही, तो घरापासून दीड तासावर आहे.

प्रश्न : पुण्याहून नातवंडं येतात, एक पाच वर्षांचं, एक नऊ. दोन दिवसांत कंटाळतात आणि मोबाइल घेऊन बसतात. आमच्या भागात त्यांना दाखवण्यासारखं आहे तरी काय? (एक आजी, जाफराबाद)

उत्तर : आजी, तुमच्या भागात जे आहे ते पुण्यात नाही. थोरल्या नातवाला आधी असईला न्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेची आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेशी लढाई झाली. पुढे १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. केळना नदीला उतार नाही असं वाटाड्यांनी त्याला सांगितलं होतं. त्यानं पाहिलं की दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं वसली आहेत. म्हणजे माणसं ये-जा करत असणार, म्हणजे उतार असणारच. तो तिथूनच फौज घेऊन पार झाला. नऊ वर्षांच्या मुलाला नदीकाठी उभं करून आधी विचारा, "उतार कसा ओळखशील?" उत्तर नंतर सांगा.

दुसरा बेत एका मुक्कामाचा. देऊळगाव राजामार्गे सिंदखेड राजा आणि तिथून लोणार. सिंदखेडला जिजाऊंचं जन्मस्थान असलेला वाडा, लखुजी जाधवांची भव्य समाधी आणि मोती तलाव आहे. पाच वर्षांच्या मुलाला वाड्याचा दरवाजा आणि मोकळं आवार पुरतं, तासाभरात पुढे निघा.

रात्र लोणारला काढा. पर्यटन महामंडळाचं निवासस्थान विवराजवळच आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. आकाशातून पडलेल्या दगडाने काळ्या बेसाल्टमध्ये एवढा मोठा खड्डा पडला हे मुलांना काठावर उभं राहिल्याशिवाय पटत नाही. खालचं पाणी खारं आणि अल्कधर्मी. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं होतं. क्षार वाढल्याने त्यात वाढलेल्या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासात दिसून आलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

धाकट्याला विवरात उतरवू नका. वाट दगडांची आहे आणि परतीचा चढ दमवतो. गावातलं दैत्यसूदन मंदिर त्याला पुरे, बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं त्याच्या नजरेच्या उंचीवर येतात. थोरला वडिलांबरोबर सकाळी लवकर खाली जाऊ शकेल. त्याच्यासाठी घरीच एक तयारी करा. हळद पाण्यात घट्ट कालवून टिपकागदावर लावा, वाळवा, पट्ट्या कापा. सरोवराच्या पाण्यात पट्टी बुडवली की पिवळी हळद लालसर होते, कारण त्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास आहे. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे आजी, तुम्हाला धुणं धुताना कित्येकदा दिसलं असेल. लोणारचं पाणी तेच करतं. पट्ट्या वापरून झाल्या की पिशवीत परत आणायच्या, ते अभयारण्य आहे.

प्रश्न : मुलांनी अजून समुद्र पाहिलेला नाही. वय चार आणि सात. कोकण गाडीने खूप लांब पडतं. काय करावं? (शिक्षक दांपत्य, अंबड)

उत्तर : गणपतीपुळे, तारकर्लीचा नाद सध्या नको. तेवढ्या अंतरात मुलांचे दोन दिवस रस्त्यावरच जातील. जालन्याहून वंदे भारतने मुंबईला जा. ३० डिसेंबर २०२३ ला ही गाडी जालन्याहूनच सुरू झाली, आता ती नांदेडहून येते. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस होते. त्यामुळे दिवाळीची तिकिटं गणपतीच्या आसपास काढायची असतात, हे पुढच्या वर्षीसाठी लिहून ठेवा. यंदा उशीर झाला असेल तर दिवाळी घरीच करा आणि सुट्टीच्या शेवटच्या दिवसांत निघा. तेव्हा गर्दीही उतरलेली असते.

मुंबईत एक रात्र थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवेहून मांडव्याची लाँच आणि पुढे बसने अलिबाग. मुलांना बोटीचा प्रवासच इतका आवडतो की पलीकडचं सगळं नफ्यात. अलिबागला तीन रात्री राहा, रोज सकाळ-संध्याकाळ वाळू आणि मधल्या वेळात सावली.

समुद्राची एक गोष्ट मात्र आपल्याकडच्या माणसाला ठाऊक नसते आणि तीच जीवघेणी ठरते, ती म्हणजे भरती-ओहोटी. कोकणात जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास, आणि त्या दिवसांत पाणीही नेहमीपेक्षा जास्त चढतं-उतरतं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे भाऊबीजेला, द्वितीयेला, भरती दीडच्या सुमारास आणि ओहोटी सकाळी साडेसातच्या. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. मात्र किनाऱ्यावर पोचल्यावर तिथल्या माणसांना वेळ विचारूनच पाण्यात पाय घाला आणि पाणी वाढायच्या आत परत या. पाणी उतरत असताना ते आत ओढतं, अशा वेळी मुलांना घोट्याच्या वर पाण्यात सोडू नका. मुलाचा हात धरलेला असावा, नुसती नजर पुरत नाही.

प्रश्न : पाच वर्षांच्या मुलीला गाडी लागते. यंदा समृद्धीने नागपूरला भावाकडे जायचं आहे. (एक आई, जालना)

उत्तर : समृद्धी सरळ आहे, घाटाची वळणं या भागात नाहीत. त्यामुळे त्रास कमी होईल. निघण्यापूर्वी तळलेलं आणि दूध टाळा. सुकी पोळी किंवा इडली चालेल. मोबाइल हातात देऊ नका, मान खाली गेली की मळमळ वाढते. तिला लांबचं दिसेल असं बसवा. औषध द्यायचं असेल तर ते आणि त्याचं प्रमाण तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. पुढच्या सीटवर मांडीवर मूल घेऊन बसायची आपल्याकडे सर्रास सवय आहे. ताशी १२० च्या वेगात गाडी अचानक थांबली तर कुठल्याही आईच्या हातांत ते मूल राहत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर मोटार वाहन कायद्यात एक हजार रुपये दंड आहे. दंड सोडा, पण बालआसन घ्या आणि ते मागच्या सीटवर बसवा. शेजारपाजारी कुणाकडे असेल तर तेवढ्या दिवसांसाठी मागून घ्या. सरळ रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याचेही डोळे जड होतात, म्हणून दीड तासाला एक थांबा ठरवूनच टाका. पाणी आणि खाणं घरून न्या.

प्रश्न : आमची शेती आहे. दिवाळीत कापूस वेचणीला असतो, सोयाबीन खळ्यावर. मुलं चार आणि सात वर्षांची. सगळ्यांची मुलं फिरायला जातात, आमची मागं लागतात. (एक वाचक, घनसावंगी तालुका)

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सहल दिवाळीतच व्हायला हवी असं कुणी ठरवलं? वेचणी सरल्यावर जानेवारीतला एक रविवार धरा आणि पैठणला जा. त्या दिवसांत नाथसागरावर परदेशी बदकं आणि रोहित पक्षी येतात, दिवाळीत गेलात तर त्यातले बरेचसे आलेलेच नसतात. म्हणजे थांबल्याने तुमच्या मुलांना जास्तच पाहायला मिळेल. सकाळी पक्षी, दुपारी नाथांचा वाडा, आणि पैठणी विणणाऱ्या हातमागावर अर्धा तास. धाग्याधाग्यानं पदरावर मोर उमटताना पाहिला की सात वर्षांचं मूल हलत नाही. एसटीने गेलात तर बाईमाणसाला निम्मं तिकीट, पाच ते बारा वर्षांच्या मुलाला निम्मं, धाकट्याला काही नाही. मुलांना आजच तारीख सांगून टाका आणि कॅलेंडरवर खूण करू द्या.

प्रश्न : नात सात महिन्यांची आहे. दिवाळीत शेगावला न्यावी म्हणते. (एक आजी, परतूर)

उत्तर : न्या, पण दिवाळीच्या गर्दीत नको. तुळशीचं लग्न झाल्यावर, सोमवार ते बुधवारात कधीतरी. बाळाला पाणी उकळून गार केलेलंच, आणि गर्दीच्या रांगेत बाळासह उभं राहू नये. महाराजांचं दर्शन मागाहून घेतलं तरी तेच असतं.

पुढच्या अंकासाठी पत्र लिहिताना तीन गोष्टी जरूर कळवा: मुलांची वयं, हाताशी असलेले दिवस आणि खर्चाची मर्यादा. बरोबर वयस्कर माणसं येणार असतील तर त्यांच्या गुडघ्यांचंही लिहा. एवढं कळलं की ठिकाण सुचवणं सोपं जातं.