मस्ट, माइट आणि कान्ट

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

ओईटीच्या, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्या इंग्रजी परीक्षेच्या, सरावासाठी लिहिलेलं तुझं रेफरल लेटर वाचलं. भाषा नेटकी आहे. पण ‘द पेशंट मस्ट हॅव फॉलन’ या वाक्यावर मी अडलो. टिपणात काय दिलं होतं? आजोबांचं मनगट सुजलंय आणि रात्रीचं त्यांना काही आठवत नाही, एवढंच. त्यावर ‘मस्ट’ लिहिलंस, तर डॉक्टर समजणार की बाकीच्या शक्यता तू बाद केल्या आहेस. इथे ‘मे’ किंवा ‘माइट हॅव फॉलन’ हवं. आजोबा पलंगाखाली सापडले असते, वॉकर आडवा, कपाळावर ताजी खोक, तर ‘मस्ट’ चाललं असतं.

आपण ‘पडले असतील’ म्हणतो आणि खात्री किती ते आवाजावरून कळतं. कागदाला आवाज नसतो, म्हणून इंग्रजीत ‘मस्ट’, ‘माइट’ यांसारखं मोडल नीट निवडायचं.

खरा घोटाळा नकारात होतो. ‘मस्ट’च्या अनुमानाचा नकार ‘कान्ट’. ‘मस्टन्ट’ म्हणजे सरळ मनाई. आता वॉरफरिनच्या, म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं उदाहरण घे. ‘ही माइट नॉट हॅव टेकन इट’ म्हणजे घेतली नसेलही; डॉक्टर चार्ट बघायला सांगतील. ‘ही कान्ट हॅव टेकन इट’ म्हणजे घेतलेली असणं शक्यच नाही. ते वाचून कुणी पुन्हा डोस दिला आणि सकाळची गोळी पोटात असली, तर रक्तस्रावाचा धोका. व्याकरणाचे मार्क त्यापुढे किरकोळ.

‘शकेल’साठी ‘विल कॅन’ लिहिण्याची खोड आपल्याकडे फार. ‘कॅन’ला तसं रूपच नाही, ‘विल बी एबल टु’ म्हणावं लागतं. उद्याची वेळ ठरवताना मात्र ‘आय कॅन सी यू टुमॉरो’ अगदी बरोबर. पण रोलप्लेमध्ये पेशंटची मुलगी विचारेल, बाबा पुन्हा चालतील ना? तेव्हा ‘ही विल बी एबल टु वॉक’ म्हणून वचन देऊन बसू नकोस. लक्षणं चांगली असतील तर ‘शुड बी एबल टु’, शंका असेल तर ‘माइट’. धीर द्यायचा तो पुढच्या वाक्यात दे, व्यायामाबद्दल बोल.

पत्र पुन्हा लिहून पाठव. प्रत्येक मोडलशेजारी पेन्सिलीने टिपणातला पुरावा लिही. पुरावा सापडला नाही, तर वाक्य खोड.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझा,
काका