कुंभकर्ण जागा झाल्यावर काय म्हणाला?

पालकहो, पोरगं मोबाइलकडे बघून खुदकन हसलं की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. पुढच्या वेळी ओरडण्याआधी एकदा ‘दाखव की मला’ म्हणून बघा. पुष्कळदा त्या मीममध्ये आपल्याच ओळखीचं कुणीतरी निघेल. रविवारी दहापर्यंत लोळणाऱ्या मित्राला पाठवलेला कुंभकर्ण. गड्डा जत्रेच्या गर्दीत शिरलेला, पण बाहेर कसं पडायचं ते ठाऊक नसलेला अभिमन्यू. याचं त्याला अन् त्याचं याला सांगणारा नारद.

या पोरांना नवं काही सुचत नाही का? सुचतं की! पण मीममध्ये जागा असते एका चित्राची आणि एका ओळीची. ती ओळ पात्राची ओळख करून देण्यातच गेली, तर हसायचं कधी? त्यात आपलं सोलापूर. इथं एकाच बाकावर घरी तेलुगू, कन्नड आणि मराठी बोलणारी मुलं बसतात. ढोल-नगारे बडवून उठवावा लागणारा कुंभकर्ण तिघांनाही न सांगता कळतो.

आता उलटं बघा. जून 2022 मध्ये सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून फोनवर ‘काय झाडी, काय डोंगार’ म्हणाले आणि अख्खा महाराष्ट्र पोट धरून हसला. आज सहावीतल्या मुलाला त्यातली गंमत सांगायची, तर आधी त्या वेळचं सगळं राजकारण सांगावं लागेल. बातमीतला विनोद शिळा होतो, कुंभकर्ण होत नाही.

त्यात या पात्रांचे चेहरेही आयते मिळाले. रामानंद सागर यांचं ‘रामायण’ 1987 मध्ये दूरदर्शनवर सुरू झालं, तेव्हा आपल्यातले कितीतरी जण शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर मांडी घालून बसले होते. मार्च 2020 मध्ये, लॉकडाउनच्या दिवसांत, ते पुन्हा लागलं आणि पोरांनीही पाहिलं. देवादिकांची थट्टा म्हणाल, तर तीही आजची नाही. तमाशातल्या गवळणीत कृष्णासमोर पेंद्या आणि मावशी काय काय बोलतात, आठवा जरा.

मग काळजी कशाची? मीमला माणसाचा एकच गुण पुरतो. कुंभकर्ण म्हणजे झोप, विषय संपला. पण गोष्ट तिथं संपत नाही. जागा झाल्यावर तो रावणाला तोंडावर सुनावतो, की तुझं वागणं चुकलं, आधी सल्ला घ्यायला हवा होतास. आणि एवढं सुनावूनही भावासाठी रणात उतरतो, तिथंच मरतो. त्यानं केलं ते बरोबर की चूक? हा प्रश्न जेवताना मुलांपुढे टाकून बघा. मित्र चुकतोय हे दिसत असूनही त्याची बाजू घ्यायची का, हा पेच तेराव्या-चौदाव्या वर्षी त्यांच्या वर्गाच्या ग्रुपवरही येतो. तुम्ही उपदेश न करता मुलं मोकळी बोलतील.

एका गोष्टीत मात्र कडक राहा. वर्गातल्या जाड मुलाला ‘कुंभकर्ण’, एखाद्या मुलीच्या फोटोखाली ‘शूर्पणखा’ असं लिहिलेलं दिसलं, तर ‘गंमत आहे हो’ म्हणून सोडू नका. चित्र दोन दिवसांत मागे पडतं, नाव दहावीपर्यंत चिकटतं. ते मीम तुमच्या मुलानं स्वतः बनवलं नसेल, नुसतं पुढं ढकललं असेल, तरी बोलाच.

बाकी हसू द्या त्यांना, तुम्हीही हसा. शकुनीचं मीम आलं की एवढंच विचारा, ‘या मामाचा कौरव-पांडवांच्या भांडणात काय संबंध होता रे?’ उत्तर आलं तर ऐका. नाही आलं तर तुम्ही सांगा. आणि तुम्हालाही धड आठवत नसेल, तर आजीला फोन लावा.