महासाथ आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांचे मनःस्वास्थ्य

साथीच्या काळात रुग्णांची गणना होते, औषधांचा साठा मोजला जातो. परंतु शुश्रूषा करणाऱ्यांच्या मनावरील भाराची नोंद कोठेही होत नाही. कोविड-१९ च्या महासाथीत वैद्यकीय विद्यार्थ्यांनी सोसलेला ताण हा असाच एक दुर्लक्षित विषय होय.

दुहेरी कोंडी

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि वैद्यकीय महाविद्यालयांतील वर्ग थांबले. शवविच्छेदन आणि रुग्णशय्येजवळील शिक्षण यांची उणीव पडद्यावरील व्याख्यानांनी भरून निघणे शक्य नव्हते. आपले ज्ञान अपुरे राहील, ही धास्ती कनिष्ठ विद्यार्थ्यांना ग्रासू लागली. याउलट आंतरवासी व निवासी डॉक्टर रुग्णकक्षांत अहोरात्र राबत होते. संरक्षक पोशाखात तासन् तास पाणीही पिता येत नसे. नातलगांना प्रवेश नसल्याने रुग्णाच्या अखेरच्या क्षणी अनेकदा हे तरुणच जवळ असत. कामानंतर विलगीकरण, मन मोकळे करावे तर कोणापाशी?

३ मे २०२१ रोजी केंद्र शासनाने पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा किमान चार महिने पुढे ढकलली. ती ११ सप्टेंबरला झाली. मात्र प्रवेशप्रक्रिया न्यायालयीन वादामुळे जानेवारी २०२२ पर्यंत रखडली. नवी तुकडी न आल्याने जुन्या निवासी डॉक्टरांवरील भार वाढतच गेला.

साथ ओसरल्यावर

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाचा अहवाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या पाहणीत २७.८ टक्के पदवी विद्यार्थ्यांनी आपणांस मानसिक आजार असल्याचे सांगितले, ३१.२ टक्के पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचे नमूद केले. हे सर्व केवळ साथीचे फलित नव्हे. कामाचे प्रदीर्घ तास, अपुरी झोप आणि मदत मागण्यातील संकोच ही दुखणी जुनीच. साथीने ती तीव्र केली. म्हणूनच आठवड्यास कमाल ७४ तास काम, एक दिवस सुट्टी आणि ७ ते ८ तास झोप, अशी शिफारस दलाने केली आहे.

समाजाचे कर्तव्य

गावातील मुलगी वा मुलगा वैद्यकीय शाखेत गेला की गाव अभिमानाने सत्कार करते. तोच विद्यार्थी सुट्टीत अबोल होऊन परतला, तर 'डॉक्टरला कसला आजार?' असे म्हणून त्याला गप्प करू नये. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी आपुलकीने विचारपूस करावी. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य समुपदेशन मिळते. ही माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर अवश्य लावावी. उद्याच्या रुग्णांची काळजी आजच्या विद्यार्थ्यांच्या काळजीपासूनच सुरू होते.